शिल्लक कुणाची, दायित्व किती

स्थानिक निधी लेखापरीक्षेत माझी सगळी नोकरी गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा वेगवेगळ्या भागांतल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली. आता नव्या लेखाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा जातो. तिथे एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या जिल्हा परिषदेचा कारभार आणि पैसा ठीक चालला आहे की नाही, हे थोडक्या दिवसांत ओळखायचं कसं? नियम सांगायला १९६८ ची लेखा संहिता आहे. पण कुठलं पान आधी उघडायचं, हे संहिता सांगत नाही. ते दप्तरात बसून कळतं.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज त्या ३४ आहेत. प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, जनावरांचा दवाखाना, गावाला जोडणारा रस्ता, नळ योजना हे सगळं त्यांच्याकडे. खेड्यातल्या माणसाला सरकार रोज भेटतं ते बहुतेक याच रूपात. मुख्यालयातल्या एका नोंदवहीत हयगय झाली की तिची झळ लागते ती पार टोकाच्या पाड्यावर. म्हणून हे काम मला कधी कोरडं वाटलं नाही.

१. शिल्लक बघाल तेव्हा ती कुणाची, हे आधी विचारा

नवा माणूस वार्षिक लेखा उघडतो, अखेरची शिल्लक बघतो आणि संस्था सधन आहे असं लिहून मोकळा होतो. समजा ३१ मार्चला सगळ्या खात्यांत मिळून ३०० कोटी आहेत. त्यात शासनाच्या योजनांचं अखर्चित अनुदान असतं. ठेकेदारांची सुरक्षा अनामत असते. पगारातून कापलेले, पण अजून जिथे भरायचे तिथे न भरलेले आयकर, विमा, सोसायटीचे हप्ते असतात. दुसऱ्या खात्याने काम करून द्या म्हणून दिलेला अभिकरणाचा पैसा असतो. हे सगळं वजा केलं की उरतो तो जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा, म्हणजे सगळे ज्याला सेस म्हणतात तो. पुष्कळदा तो एवढा थोडा निघतो की बघणाऱ्याने पुन्हा बेरीज करून पाहावी.

म्हणून पहिल्याच दिवशी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे मी एक तक्ता मागत असे. ३१ मार्चची शिल्लक, तिचे मालकीप्रमाणे भाग, आणि प्रत्येक भाग कुठल्या वर्षापासून पडून आहे. हा तक्ता संध्याकाळपर्यंत मिळाला तर कार्यालय जागं आहे. आठवडाभराने मिळाला तर तो माझ्यासाठी नव्याने तयार केला गेला आहे. मिळालाच नाही, तर पुढचं लेखापरीक्षण कसं जाणार हे मला त्याच दिवशी कळायचं.

अखर्चित अनुदानाचं वय फार बोलकं असतं. राज्याचा आणि जिल्हा नियोजनचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. त्यानंतर तो शासनाकडे परत करायचा. पण परत करायचं म्हणजे खर्च करता आला नाही हे लेखी कबूल करायचं, म्हणून तो तसाच ठेवला जातो. जुन्या, केव्हाच बंद झालेल्या योजनांची रक्कम वर्षानुवर्षं लेख्यात पुढे ओढलेली मी पाहिली आहे. ती योजना कशासाठी होती, हे सांगणारं कुणी कार्यालयात उरलेलं नसतं. ज्यांना विहीर, शिलाई मशीन, घरकुलाची दुरुस्ती मिळायची होती त्यांना ती मिळाली नाही, आणि तो पैसा ‘शिल्लक’ म्हणून मिरवत राहिला.

२. व्याज घटलं म्हणून घाबरू नका

बऱ्याच जिल्हा परिषदांच्या सेसमध्ये ठेवींवरच्या व्याजाचा वाटा मोठा असे. शासनाचा पैसा बँकेत पडून राहायचा, त्याचं व्याज स्वनिधीत जमा व्हायचं आणि त्यातून सदस्यांची कामं व्हायची. म्हणजे काम जितकं उशिरा, तितकं स्वतःचं उत्पन्न जास्त. ही रचनाच चुकीची होती, असं माझं ठाम मत आहे.

१ जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांना एकल नोडल खात्याची पद्धत लागू झाली. पैसा राज्यपातळीच्या एका खात्यात राहू लागला, जिल्ह्याला खर्चाची मर्यादा मिळू लागली, आणि व्याज जिल्हा परिषदेचं राहिलं नाही. त्यामुळे व्याजाचा आकडा खाली आलेला दिसला तर लगेच प्रतिकूल शेरा मारू नका. दुसरीकडे, राज्याच्या निधीवरचं व्याज अचानक वाढलेलं दिसलं तर मात्र कुठली कामं अडली आहेत याची यादी मागवा.

३. स्वतःचं उत्पन्न: कागदावरचं आणि हातात आलेलं

जमीन महसुलावरचा उपकर, पाणीपट्टीवरचा उपकर, मुद्रांक शुल्कावरच्या एक टक्का अधिभारातला वाटा, गाळ्यांचं भाडं, अभिकरण शुल्क. जिल्हा परिषदेचे स्वतःचे मार्ग एवढेच, थोडेफार इकडेतिकडे. यात सर्वांत जड मुद्रांक शुल्काचा वाटा, आणि तो जमिनीच्या व्यवहारांवर अवलंबून. पुण्याच्या आसपास जमिनी विकल्या जातात तशा गडचिरोलीत विकल्या जात नाहीत. तेव्हा दोन जिल्हा परिषदांची तुलना सेसच्या रकमेवरून करू नये. त्यात प्रशासनाचं कर्तृत्व फारसं नसतं.

कर्तृत्व दिसतं ते दोन ठिकाणी. एक, गाळ्यांचं भाडं. मुख्यालयातले, तालुक्याच्या ठिकाणचे, बसस्थानकाजवळचे जिल्हा परिषदेचे गाळे कुणाकडे आहेत, करार कधी संपला, भाडं शेवटचं कधी वाढलं? करार संपून दहा-दहा वर्षं झालेली, मूळ भाडेकरू कधीच गेलेला, आणि भरचौकातला गाळा जुन्याच भाड्यात, हे नेहमीचं चित्र. हा पैसा गोळा करायला मुंबईच्या परवानगीची गरज नसते. गरज असते ती स्थानिक वजनदार माणसाला नोटीस काढण्याच्या तयारीची. म्हणून गाळ्यांची नोंदवही मी वसुलीपेक्षा धैर्याची नोंदवही म्हणून वाचतो.

दुसरं, अर्थसंकल्पातला अंदाज. तो २७ मार्चपूर्वी मंजूर व्हावा लागतो. मुद्रांक शुल्काचा वाटा राज्याकडून उशिरा, तुकड्यांत येतो. तो पूर्ण येणारच असं धरून कामं मंजूर केली की वर्षअखेर खड्डा पडतो. गेल्या पाच वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष जमा शेजारी-शेजारी लिहा. दरवर्षी एकाच दिशेने फरक येत असेल तर तो अंदाज चुकलेला नसतो, तो फुगवलेला असतो.

स्वनिधीतून २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. एका वर्षी खर्च झाला नाही तर ती रक्कम पुढच्या वर्षीच्या तरतुदीत मिळवायची. हा अनुशेष तपासताना मी कधीच सवलत दिली नाही. पैसा अपुरा असताना कुणाचा वाटा आधी मागे सारला जातो, हे इथे उघडं दिसतं.

४. जिल्हा परिषदेवर कर्ज नसतं, दायित्व असतं

हा माझ्या मते सगळ्यांत मोठा धडा, म्हणून यावर जरा थांबतो.

जिल्हा परिषद सहसा बँकेचं कर्ज काढत नाही. त्यामुळे ताळेबंदात कर्जाचा रकाना कोरा असतो आणि पाहुणा समाधानाने परत जातो. देणं मात्र असतंच. ते ठेकेदाराच्या न दिलेल्या देयकात असतं. नळ योजनेच्या थकलेल्या वीजबिलात असतं. शिक्षकांच्या फरकाच्या आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या प्रलंबित देयकांत असतं. कार्यालयीन भाषेत याला दायित्व म्हणतात, आणि ते एका जागी लिहिलेलं फार क्वचित सापडतं.

रस्त्यांचं उदाहरण घेऊ. ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली नवी कामं धरताना दीडपट नियोजनाची पद्धत आहे. मंजूर निधीची दीडपट करायची आणि त्यातून आधीच्या कामांचं दायित्व वजा करायचं. उरेल तेवढ्याच रकमेची नवी कामं घ्यायची. समजा निधी १० कोटी. दीडपट १५ कोटी. दायित्व ९ कोटी. तर नवी कामं ६ कोटींची. एकूण १५ कोटींपैकी वर्षात १० कोटी भागले, की पुढच्या वर्षी दायित्व ५ कोटींवर येतं आणि नव्या कामांना १० कोटींची जागा होते.

आता बांधकाम विभागाने ९ कोटींचं दायित्व ४ कोटीच दाखवलं असं धरा. नवी कामं ११ कोटींची मंजूर होतात. सगळ्यांची गावं यादीत बसतात, सभा शांततेत पार पडते. पण खरं एकूण ओझं २० कोटींचं झालेलं असतं. १० कोटी भागून १० कोटी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर जातात आणि खऱ्या हिशेबाने नव्या कामांना जेमतेम ५ कोटी उरतात. मग पुन्हा दायित्व कमी दाखवावं लागतं. असं तीन-चार वर्षं चाललं की कार्यारंभ आदेश मिळालेले ठेकेदार काम सुरूच करत नाहीत. गावकऱ्यांना वाटतं ठेकेदार पळाला. त्याचं आधीचं देयक दोन वर्षं थकलेलं आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हे पकडायचं कसं? नियोजनाच्या संचिकेतला दायित्वाचा आकडा घ्या. मग प्रत्येक उपविभागातून चालू कामांची यादी, करारकिंमत आणि आजवर दिलेली रक्कम थेट काम-नोंदवहीतून काढा. दोन बेरजा शेजारी ठेवा. फरक किती यापेक्षा, फरक विचारल्यावर अभियंते आणि लेखा शाखा एकमेकांकडे बघतात की संचिकेकडे, याकडे माझं लक्ष असे. जिथे दोघांकडे एकच यादी आहे ती जिल्हा परिषद अडचणीत असली तरी सावरते.

५. रोकडवही आणि बँकेचा ताळमेळ

रोकडवही रोजच्या रोज लिहिलेली असावी, दिवसअखेरीस सही असावी. महिन्याला बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ असावा. एवढं सगळेच सांगतात. मी दोन गोष्टी जोडतो.

खात्यांची यादी कार्यालयाकडून घेऊ नका, बँकांकडून घ्या. प्रत्येक योजनेला वेगळं खातं काढण्याच्या काळात खाती उघडली गेली आणि ती बंद करायचं राहून गेलं. सही करणारा अधिकारी निवृत्त, योजना इतिहासजमा, खातं जिवंत. अशा खात्यातच अफरातफर रुजते, कारण तिकडे कुणी बघत नाही.

आणि ताळमेळातला फरक लहान आहे म्हणून सोडू नका. मोठ्या रकमेचा फरक सगळ्यांना दिसतो, त्याची चौकशी होते. काही हजारांचा तोच फरक दर महिन्याला पुढे ओढला जात असेल, तर ताळमेळ पत्रकावर सही करणारा ते वाचत नाही, एवढं सिद्ध होतं. एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिने झाली. तरीही ‘न वटलेले धनादेश’ या यादीत वर्षापूर्वीचे धनादेश सापडतात. त्यातला एखादा अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा असतो. कागदावर तिला पैसे दिलेले असतात.

६. तसलमातीचं वय मोजा

कामासाठी कर्मचाऱ्याला आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे तसलमात. खर्च झाला की प्रमाणकं लावून ती समायोजित करायची. तसलमात नोंदवहीत एकूण रक्कम किती आहे याला मी दुय्यम मानतो. सर्वांत जुनी नोंद कोणत्या वर्षाची, हे आधी बघतो.

एका तालुक्यात एका पशुधन पर्यवेक्षकाच्या नावावर लसीकरण शिबिरासाठी घेतलेली जुनी तसलमात उभी होती. तो माणूस नोकरीत असतानाच वारला. रक्कम वसूल न झाल्याने ‘ना देय प्रमाणपत्र’ मिळेना आणि त्यावाचून कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद पुढे सरकेना. त्याची पत्नी दर काही दिवसांनी पंचायत समितीत यायची, पायरीवर बसायची. आम्ही त्या वर्षांचं दप्तर काढायला लावलं. प्रमाणकं मिळाली, व्यवस्थित टाचलेली, माणसाने वेळेत सादर केलेली, आवक क्रमांकासकट. ज्या लिपिकाकडे ती आली त्याची मधेच बदली झाली आणि समायोजनाची नोंद घालायची राहिली, एवढंच. रक्कम एका जुन्या मोटारसायकलच्या किमतीइतकीही नव्हती. ते घर त्या एका न घातलेल्या नोंदीमुळे महिनोन्‌महिने निवृत्तिवेतनाविना चाललं. त्यानंतर मी जिथे गेलो तिथे मृत आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या नावावरच्या तसलमातींची यादी सर्वांत आधी मागितली, आणि प्रमाणकं शोधायची जबाबदारी कुटुंबावर न टाकता कार्यालयावर टाकली.

७. निवृत्तीची तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत असते

प्रशासन कसं आहे हे एकाच आकड्यावरून सांगा असं कुणी म्हटलं, तर मी निवृत्तिवेतनाची प्रलंबित प्रकरणं मागेन. दुष्काळ सांगून येत नाही, निधी कपात सांगून येत नाही. पण अमुक शिक्षिका अमुक महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार, हे तिच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर तिच्या नेमणुकीच्या दिवसापासून लिहिलेलं असतं. तरी तिचं पहिलं निवृत्तिवेतन वर्षभर रखडत असेल, तर त्याला बाहेरचं कुठलंही कारण पुरत नाही.

याच्या जोडीला भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या वेळेवर निघतात का ते पाहा. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या कर्मचाऱ्यांच्या अंशदायी निवृत्तिवेतनाची कपात आणि शासनाचा हिस्सा ज्याच्या-त्याच्या खात्यात दिसतो का तेही पाहा. आंतरजिल्हा बदलीने आलेल्या शिक्षकांचे हिशेब इथे हमखास तुटलेले असतात. जुन्या जिल्ह्यातली कपात नव्या जिल्ह्यात पोहोचलेलीच नसते. जी संस्था आपल्याच माणसांच्या पैशाचा हिशेब देऊ शकत नाही, ती गावाच्या पैशाचा देईल यावर माझा विश्वास बसत नाही.

८. प्रभारी

रिक्त पदांची संख्या सगळे मोजतात. मी प्रभारी किती, हे मोजतो. एक गटविकास अधिकारी दोन तालुके बघतो, एक सहायक लेखाधिकारी तीन टेबलं सांभाळतो, आणि कुठलाच कागद पूर्ण वाचून सही होत नाही. प्रभार किती महिन्यांपासून आहे ते लिहून काढा. सहा महिन्यांपुढचा प्रभार म्हणजे ते पद प्रत्यक्षात रद्द झालेलं आहे.

९. मार्च महिना आणि मोजमाप पुस्तिका

महिनावार खर्चाचा तक्ता काढला की मार्चचा स्तंभ सर्वांत उंच असणार, हे गृहीतच धरा. निधी वितरणच उशिरा होतं, त्याला जिल्हा परिषद एकटी जबाबदार नसते. मग बघायचं काय? मोजमाप पुस्तिकेतल्या तारखा. पुस्तिकेत काम पूर्ण झाल्याची नोंद, शाखा अभियंत्याची सही, उपअभियंत्याची तपासणी आणि देयक, हे सगळं एकाच दिवसाचं असेल तर मोजायला कुणी गेलं नव्हतं. ऐन पावसाळ्यात मातीकामाचं मोजमाप असेल तर त्या मंडळाचं पर्जन्यमान काढा. डांबरी रस्ता असेल तर डांबराची मूळ चलनं मागा आणि त्यांचे क्रमांक दुसऱ्या कामांच्या देयकांशी ताडून पाहा. एकच चलन दोन रस्त्यांना जोडलेलं निघालं, तर त्यातला एक रस्ता पहिल्याच पावसात वाहून जातो. मग त्याच रस्त्याचं दुरुस्तीचं काम ३०५४ खाली यादीत येतं.

१०. आक्षेपांची उत्तरं वाचा

लेखापरीक्षणाच्या प्रलंबित परिच्छेदांची संख्या वर्तमानपत्रात छापून येते. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा लागला की अनुपालनाची धावपळ उडते, रात्र-रात्र दिवे जळतात. पण खरी माहिती उत्तराच्या भाषेत असते. ‘अभिलेख पुढील लेखापरीक्षणावेळी दाखवण्यात येईल’ हे वाक्य ज्या विभागाच्या उत्तरांत वारंवार येतं, तिथे अभिलेख नाहीत असं समजा. आणि अभिलेख नसणं ही नुसती अव्यवस्था समजू नका. पैसा कुठे गेला हे पाहण्याचा एकमेव रस्ता तिथे बंद झालेला असतो.

याउलट एका दुर्गम तालुक्यातल्या एका कनिष्ठ सहायक बाईंनी अभिलेखांची सहा गठ्ठे पद्धत इतकी नेटकी लावली होती की वीस वर्षांपूर्वीचं प्रमाणक त्यांनी चहा येईपर्यंत समोर ठेवलं. अनिलकुमार लखिनांनी अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अभिलेखांची जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. पुढे बऱ्याच कार्यालयांत तिचे फक्त फलक उरले. या बाईंकडे ती जिवंत होती. त्या तालुक्याचे परिच्छेद पुष्कळ होते, कारण कामंच पुष्कळ होती. पण प्रत्येकाला पुराव्यासकट उत्तर होतं. अशा तालुक्याला मी चांगला शेरा दिला आणि तो देताना मला आनंद झाला.

११. गावात जा

मुख्यालयातला आकडा गावात पडताळल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. मी तीन ठिकाणी जात असे. शाळेत विजेचं मीटर चालू आहे का. डिजिटल वर्गाचा संच आला आणि वीज तोडलेली, हे खूपदा आढळलं. उपकेंद्रात औषधसाठा नोंदवही आणि कपाट जुळतं का. आणि ग्रामपंचायतीत नमुना ९, म्हणजे करमागणीची नोंदवही.

प्रादेशिक नळ योजना असेल तर तिथेच जास्त वेळ द्या. एका योजनेवर दहा-वीस गावं, वीजबिल एक. जवळच्या गावांना पाणी पुरतं, शेवटच्या गावाला आठवड्यातून एकदा. शेवटचं गाव पाणीपट्टी भरत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. मग जवळची गावंही थांबतात. बिल थकतं, वीज जाते, टँकर लागतो. टँकरचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली पडतो म्हणून योजनेच्या हिशेबात तो दिसतच नाही. दोन्ही खर्च एका कागदावर मांडले की योजना नीट चालवणं टँकरपेक्षा किती स्वस्त होतं ते कळतं. देखभाल दुरुस्तीसाठी राखलेला निधी त्याच वेळी मुख्यालयात पडून असेल, तर तेही त्याच कागदावर लिहा.

१२. सभेचं इतिवृत्त

सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, जलव्यवस्थापन समिती यांची इतिवृत्तं लेखापरीक्षक सहसा ठराव क्रमांकापुरती बघतो. मी प्रश्न वाचतो. एखादी सदस्या तीन सभांत तोच प्रश्न विचारते, माझ्या गटातल्या पाझर तलावाचं काय झालं, आणि तिन्हीदा ‘माहिती घेऊन सांगतो’ असं उत्तर मिळतं. तिथे संचिका काढली की काहीतरी निघतंच. गावाकडून येणारी ही तपासणी फुकट असते, वर्षभर चालते, आणि आमच्यापेक्षा आधी पोहोचते.

मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा प्रत्येकी १० टक्के वाटा लोकनियुक्त सभागृह नसल्याने अडला. हे नुकसान रुपयांत मोजता येतं. दुसरं नुकसान इतिवृत्तात दिसतं. प्रशासकाच्या काळातले ठराव स्वच्छ टंकलेले, अनुक्रमाने लावलेले, एका सहीचे. प्रश्न एकही नाही. काही अधिकाऱ्यांनी या काळात मनापासून चांगलं काम केलं, ते मी पाहिलं आहे. तरीसुद्धा ज्या संस्थेत वर्षानुवर्षं कुणी प्रश्न विचारलेला नाही, तिच्या कागदांना मी अधिक कसून तपासा असंच सांगेन.

१३. परिच्छेद गावाला कळेल असा लिहा

‘देखभाल दुरुस्ती निधीतील रक्कम विहित मुदतीत खर्ची न पडल्याचे निदर्शनास आले’ असं आम्ही पिढ्यानपिढ्या लिहीत आलो. त्याला तशाच भाषेत उत्तर यायचं आणि कागद मिटायचा. पुढे मी योजनेचं नाव, गावांची नावं, पंप कोणत्या महिन्यापासून बंद, निधी कोणत्या तारखेला खात्यात होता, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक कोणत्या टेबलावर थांबलं, हे ओळीने लिहू लागलो. सहकारी म्हणायचे, एवढं लांबवू नका. पण असा परिच्छेद ग्रामसभेत वाचता येतो. सदस्याच्या हातात पडला तर तो सभेत उभा राहतो. कार्यकारी अभियंत्याला त्याच्यावर ‘नोंद घेतली’ असं लिहिता येत नाही, अंदाजपत्रकाला मंजुरी द्यावी लागते.